काळ्या पडद्याआड

टोलमावशीशी वेळेवरून वाद घालायचा नाही, हे शाळेत पहिलीच्या पोरांपासून मोठ्या सरांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. ऑफिसातल्या भिंतीवरचं घड्याळ आणि मावशीचा टोल यांच्यात फरक पडला, तर लोक घड्याळ दुरुस्तीला टाकत. व्हरांड्याच्या टोकाला टांगलेल्या पितळी थाळीवर ती बावीस वर्षं लाकडी हातोडा मारत होती. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. अंगात ताप असो, पाय प्लास्टरमध्ये असो. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ती हजर होती. "लग्न काय, घटकाभर थांबतं," ती म्हणाली होती, "तिसरा तास थांबत नाही."

तिच्या मागं कामं म्हणाल तर छप्पन्न. सकाळी वर्गांची कुलपं काढायची, पाण्याची टाकी भरायची, सूचनेची वही घेऊन वर्गावर्गातून फिरायचं, शिक्षकांच्या खोलीत चहा पोचवायचा, कुणाचं पोट बिघडलं तर फरशी पुसायची, आणि या सगळ्यातून कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवत बरोबर वेळेला थाळीपाशी उभं राहायचं. पोरं तिला येता-जाता अडवत, "मावशी, मधल्या सुट्टीला किती वेळ?" ती घड्याळाकडे न बघता सांगे, "अकरा मिनिटं. आणि मेल्या, तू वर्गाबाहेर काय करतोयस?"

हा 'मेला' तिच्या तोंडात कायमचा बसलेला. मुलगा असला तर मेल्या, मुलगी असली तर अगं मेले, नळाला पाणी नसलं तर मेला नळ, हातोड्याची दांडी सैल झाली तर मेली दांडी. त्यात राग कमी आणि सवय जास्त. नव्यानं आलेलं एक पोरगं तर रडत घरी गेलं होतं, कारण पंधरा दिवस झाले तरी मावशीनं त्याला एकदाही मेल्या म्हटलं नव्हतं.

या बावीस वर्षांत तिला पुरून उरला असा एकच माणूस होता. तिसरीचे बरंका सर.

खरं नाव त्यांचं काहीतरी होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. दर वाक्याच्या शेवटी 'बरं का' लावायची सवय, म्हणून ते बरंका सर. "सात सक बेचाळीस, बरं का." "नाक पुस, बरं का." टोल पडला की साऱ्या शाळेचे वर्ग सांडल्यासारखे बाहेर येत, आणि तिसरीचं दार मात्र बंदच. मावशी दारात जाऊन उभी राही. "सर, टोल झाला."

"ऐकला मावशी. गोष्ट तेवढी संपू दे, बरं का."

"गोष्ट तुमची, पण पोटं पोरांची!"

गोष्ट तीन मिनिटांनी संपे. रोज तीनच. मावशी परत जाताना पुटपुटे, "मेला, आजपण तीन मिनिटं खाल्ली!" सरांना ते ऐकू जाई आणि आपल्याला ऐकू गेलंय हे ते मावशीला मुद्दाम कळू देत. एकदा तर त्यांनी हातोड्याच्या डोक्याला मोजा चढवून ठेवला. मावशीनं रुबाबात हात उगारला, आणि थाळीतून आवाज आला 'थप'. चोर कोण ते सांगायला ज्योतिषी नको होता. मावशीनं त्यांना आठ दिवस बिनसाखरेचा चहा पाजला. सरांनी तो आठही दिवस शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन सांगितलं, "आज चहा फक्कड झालाय, बरं का." नवव्या दिवशी मावशीनंच हात टेकले.

सरांचं दुसरं वेड म्हणजे नाटक. शाळेच्या सभागृहात एक छोटा रंगमंच होता, आणि त्याला मागच्या बाजूनं जाड काळा पडदा. तो मावशीच्या नवऱ्यानं शिवला होता, तो शिंपी. दरवर्षी तिसरीचं नाटक बसे आणि प्रयोगाच्या वेळी सर त्या पडद्यामागं स्टुलावर वही घेऊन बसत. पोरगं वाक्य विसरलं की मागून आवाज येई. तो इतका खणखणीत असे की शेवटच्या रांगेतल्या आज्ज्यांनाही ऐकू जाई. कधीकधी पोराच्या आधीच येई. "घाबरायचं नाही," ते पोरांना सांगत. "विसरलात तर कान मागं करा. मी काळ्या पडद्याआड आहे, बरं का. पण नाटक संपेपर्यंत मागं डोकावायचं नाही. डोकावलात तर मी रुसेन."

असा हा माणूस एका रविवारी सकाळी दाढीला साबण लावता लावता आरशासमोर खाली बसला तो उठलाच नाही. वय अठ्ठेचाळीस. ना दुखणं ना खुपणं.

सोमवारी सभागृहात शोकसभा झाली. मोठ्या सरांना शिक्षकांच्या खोलीत सगळे 'प्रस्तावना' म्हणत, कारण त्यांचं भाषण कधी प्रस्तावनेच्या पुढं गेलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पण त्या दिवशी काळ्या पडद्यासमोर उभं राहून ते कसंबसं म्हणाले, "मुलांनो, तिसरीचे आपले लाडके सर काल अचानक काळाच्या पडद्याआड गेले." शिक्षकांनी माना खाली घातल्या. सातवीच्या मुली हुंदके द्यायला लागल्या. सतरंजीच्या पहिल्या रांगेत बसलेल्या तिसरीनं मात्र एकमेकांकडे पाहिलं, आणि एकाला तर चक्क हसू फुटलं. बाकीच्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

मग 'शाळेला आज सुट्टी' असं जाहीर झालं, आणि पोरांनी सवयीनं जो काय जल्लोष केला म्हणता! खेळाचे सर धावले ओरडायला. मावशी आडवी आली. "ओरडू द्या हो. सुट्टी म्हटल्यावर पोरं ओरडणारच. ते असते तर तेही ओरडले असते." तिनं सुट्टीचा टोल दिला, कुलपं लावली, घरी जाऊन होती नव्हती ती सगळी भांडी घासून काढली. रडली बिडली नाही. "त्या माणसासाठी कोण रडतंय," ती नवऱ्याला म्हणाली, आणि घासलेली भांडी परत घासायला घेतली.

मंगळवारपासून तिसरीवर बदली बाई आल्या. वय कोवळं, मन त्याहून कोवळं. फळ्याच्या कोपऱ्यात सरांच्या अक्षरात शनिवारची तारीख तशीच होती. ती दिसली आणि बाईंना रडू कोसळलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं उठून आपला रुमाल दिला. "रडू नका बाई. येतील ते." बाई आणखीच रडल्या. उरलेला दिवसभर वर्ग असा शहाण्यासारखा बसला होता की बाजूच्या चौथीच्या बाईंनी येऊन बघितलं, सगळी आजारी तर नाहीत ना.

बुधवारी वरच्या ऑफिसकडून एक बाई आल्या. मोठ्या सरांनी ओळख करून दिली, "या समुपदेशक." मावशीनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "म्हणजे उपदेश करणार?"

"नाही हो, उपदेश अजिबात करत नाही मी," बाई हसून म्हणाल्या.

"मग नावात कशाला ठेवलाय मेला?" मावशी म्हणाली. झालं, त्या दिवसापासून त्या शाळेपुरत्या उपदेशबाई.

उपदेशबाईंनी एका तक्त्यावर चेहरे काढून आणले होते: रडका, घाबरलेला, रागावलेला, हसरा. ज्याला जसं वाटतंय तसा चेहरा दाखवायचा. बाकीच्या वर्गांत रडके-घाबरलेले चेहरे संपता संपेनात. तिसरीत एकतीसच्या एकतीस पोरांनी हसऱ्यावर बोट ठेवलं. उपदेशबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामात असा वर्ग त्यांना भेटला नव्हता.

गुरुवारी मावशीला शोध लागला, तोही एका पेल्यामुळं. टाकीवरचा स्टीलचा पेला नाहीसा झाला होता. त्याआधी बदली बाईंचा नवा खडू गेला होता आणि शिक्षकांच्या खोलीतले बिस्किटाचे दोन पुडे. मावशीच्या राज्यात वस्तू हरवत नसत. त्या फक्त कुणाच्या तरी खिशात असत. छोट्या सुट्टीत ती पाय न वाजवता, जुडगा मुठीत आवळून सभागृहापाशी गेली. दाराशी बुटांचे जोड ओळीत लावलेले, आणि आत काळ्या पडद्यासमोर अख्खी तिसरी मांडी घालून बसलेली. एक पोरगा पालथा पडून पडद्याच्या खालच्या फटीतून केळं आत ढकलत होता.

"काय चाललंय रे मेल्यांनो?"

"शूऽऽ!" एकतीस बोटं ओठांवर गेली. पुढं आली ती वर्गाची मॉनिटर. तिचे समोरचे दोन्ही दात पडलेले, म्हणून सरांनी तिचं नाव 'खिंड' ठेवलं होतं आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. "मावशी, हळू बोल. सर आत आहेत."

"कोण सर?"

"आपले. काळ्या पडद्याआड गेलेत ना. मोठ्या सरांनीच सांगितलं सोमवारी."

मावशीच्या हातातला जुडगा खाली पडला. तिला आधी हसू आलं, खोटं कशाला बोला. आणि ते हसू घशापर्यंत येऊन तिथंच अडकलं.

"डोकावलं नाही आम्ही," केळ्यावाला घाईघाईनं म्हणाला. "ते रुसतात. नाटक संपेपर्यंत डोकावायचं नाही."

"नवीन नाटक लिहीत असणार," दुसरा म्हणाला. "म्हणून वेळ लागतोय."

"मावशी," खिंडीनं विचारलं, "बाहेर यायला किती वेळ आहे अजून?"

आता बघा. बावीस वर्षं ज्या बाईला 'किती वेळ' विचारलं की उत्तर तयार असे, तिच्याकडे एकतीस तोंडं टक लावून पाहत होती. तिला सांगायचं होतं ते. तोंड उघडलंसुद्धा. आणि त्या तोंडातून बाहेर काय पडलं, तर, "येतील. शनिवारी."

शनिवारच का, ते तिचं तिलाच ठाऊक नाही. त्या आठवड्यातला तो सगळ्यात लांबचा वार होता, एवढंच.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मावशीनं सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "पळा आता, टोलाची वेळ झाली," ती कशीबशी म्हणाली. पोरं गेल्यावर तिनं पडद्याची कड उचलली. आत रिकामं स्टूल. समोर पाण्यानं भरलेला तिचा पेला, बिस्किटं, खडू, केळं, आणि वहीचा एक फाटका कागद: 'सर, सातचा पाढा पाठ झाला. खरंच.' मावशीनं कड खाली सोडली आणि कपाळावर हात मारून घेतला. "जिभेला हाड नाही तुझ्या," ती स्वतःला म्हणाली. "काय बोलून बसलीस!"

ती तडक मोठ्या सरांकडे गेली. "सर, तिसरीला वाटतंय, सर पडद्यामागं बसलेत."

"कुणी सांगितलं त्यांना असं?"

"तुम्ही."

मोठ्या सरांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसतच राहिले. मग शिक्षकांच्या खोलीत सगळे जमले आणि पोरांना काय शब्दात सांगायचं यावर खल सुरू झाला.

"'आपल्यात नाहीत' म्हणू," मोठे सर म्हणाले.

"मग कुणाच्यात आहेत, असं विचारतील," मावशी म्हणाली.

"वारले म्हणावं," चौथीच्या बाई म्हणाल्या.

"पहिलीतल्या एकीला काल सांगितलं ना तसं. ती खिडक्या लावून घेत होती. म्हणे, वारा सुटला की माणसं वारतात."

"चिरनिद्रा?"

"आणि आज घरोघरी पोरं झोपायची बंद झाली म्हणजे?"

खेळाच्या सरांनी 'आउट झाले' असं सुचवलं, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. आपल्या भाषेत माणूस मरायला पन्नास शब्द, आणि आठ वर्षांच्या पोराला सांगायला त्यातला एक कामाचा निघेना. शेवटी मोठे सर म्हणाले, "शब्दाचं बघू हो, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?" घंटा म्हटल्याबरोबर सगळ्यांनी मावशीकडं पाहिलं.

मावशी भडकली. "वा! पडद्यामागं घालायचं तुम्ही आणि काढायचं मी!" पण आतून तिला ठाऊक होतं, शनिवार तिनंच दिला होता.

शुक्रवारी तिनं उपदेशबाईंना गाठलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा पोरांना."

"मला ती तीन दिवस ओळखतात," उपदेशबाई म्हणाल्या. "त्यांचा विश्वास कुणावर आहे?"

"माझ्यावर." मावशी म्हणाली. मग हळूच, "होता."

"तो ठेवायचा असेल तर तुम्हीच सांगा. उद्याच सांगा. आणि आडपडदा ठेवू नका. गेले नाही, झोपले नाही. सरळ म्हणा, सर मेले. मेले म्हणजे काय तेही सांगा. पोरं रडतील. रडू दे. मी शेजारी उभी राहते."

"मेले म्हणू?" मावशीचा चेहरा उतरला.

"का? अवघड आहे?"

घोडं तिथंच तर पेंड खात होतं. हा शब्द तिला अवघड? तो तर दिवसातून शंभरदा तिच्या तोंडून सुटायचा. बावीस वर्षं तिसरीच्या दारातून परतताना रोज तिनं त्या माणसाला तोच शब्द बहाल केला होता, त्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं. आता तोच शब्द खरा करून म्हणायचा, तर जीभ उचलेना. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. उपदेशबाईंना तर नाहीच.

संध्याकाळी घरी तिनं सराव करायला घेतला. नवरा मशीनवर कुणाच्या तरी विजारीची शिवण मारत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. "अहो, ऐका. मुलांनो, सर..."

"सर काय?"

"सर... हे झाले."

"हे म्हणजे?" मशीन चालूच. "नीट बोल की. आणि त्या पडद्याला मी दुहेरी अस्तर लावलंय, सांग त्यांना. त्यातून काही दिसायचं नाही, कुणी असलं तरी."

"मेलं ते मशीन बंद करा आधी!" ती कडाडली. आणि थांबली. बघा, मशीनसाठी कसा चटकन आला! ती तिथंच कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. नवऱ्यानं मशीन बंद केलं. मग ती म्हणाली, "मला आवडायचा हो तो माणूस. भांडायला तरी कोण होतं मला तिथं?" नवऱ्यानं उठून तिला पाणी आणून दिलं आणि विजार तशीच राहिली.

शनिवार उजाडला. साडेअकराला मावशीनं शाळा सुटल्याचा टोल दिला. बाकीचे वर्ग घरी पळाले. तिसरी रांगेनं सभागृहात गेली. पोरं नटून आली होती. केसांना तेल, बुटांना पॉलिश. कुणीतरी स्टुलावर घालायला घरून उशी आणली होती. मोठे सर, बदली बाई आणि उपदेशबाई दाराशी उभे राहिले. मावशी रंगमंचावर चढली आणि पडद्यासमोर उभी राहिली. घसा खाकरला.

"पोरांनो, सर मेले."

पहिल्या रांगेतून खुदकन आवाज आला, मग दुसरीतून, आणि बघता बघता एकतीस पोरं पोट धरून हसायला लागली.

"तू तर सगळ्यांनाच म्हणतेस!" केळ्यावाला म्हणाला. "मला पण म्हणतेस."

"मी तर रोजच मेली!" खिंड ओरडली, आणि हसता हसता शेजारणीच्या अंगावर पडली.

मोठे सर दारातून पुढं सरसावले. उपदेशबाईंनी त्यांची बाही धरली. मावशी घामानं निथळत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रंगमंचाच्या कडेवर, पोरांच्या समोर, खाली पाय सोडून बसली.

"हसू नका. हे ते नव्हे," ती म्हणाली. "ते मी उगीच म्हणते. माझं तोंड वाईट आहे. हे खरं मेले. रविवारी सकाळी सरांचं हृदय बंद पडलं. श्वास बंद झाला. आता ते बोलत नाहीत, ऐकत नाहीत, जेवत नाहीत. त्यांना दुखतही नाही. आणि ते परत येणार नाहीत. आज नाही, सोमवारी नाही, कुठल्याच वारी नाही."

हसणं विझत विझत मागच्या रांगेपर्यंत गेलं.

"पण तू सांगितलंस, शनिवारी येतील," खिंड म्हणाली.

"खोटं बोलले."

"का?"

"मला खरं बोलवेना म्हणून."

असं उत्तर मोठ्या माणसाकडून पोरांनी कधी ऐकलं नव्हतं. खिंड तिच्याकडे रोखून बघत राहिली. मग म्हणाली, "पडदा उघड."

मावशीनं दोरी ओढली. पडदा नेहमीसारखा मध्येच अडकला, तिनं हिसका दिला आणि तो सरकला. मागं चुन्याची भिंत, रिकामं स्टूल, पेला, खडू, काळं पडलेलं केळं, सातच्या पाढ्याचा कागद. पोरं हळूहळू पुढं आली. नियम मोडला म्हणून रुसायला तिथं कुणी नव्हतं.

"बिस्किटं तशीच आहेत," केळ्यावाला म्हणाला. त्यानं मोजून बघितली. "एकपण खाल्लं नाही."

मग त्याचा ओठ वाकडा झाला. एकाचं बघून दुसऱ्याचा, आणि जो काही आक्रोश सुरू झाला त्यानं पत्रे दणाणले. बदली बाई धावल्या, उपदेशबाई खाली सतरंजीवर बसल्या आणि ज्याला जवळ यायचं त्याला येऊ दिलं. मोठे सर काही बोलायला उभे राहिले आणि एक शब्द न बोलता दोन पोरांना कवेत घेऊन बसले. मावशी स्टुलापाशी गेली. ज्या माणसासाठी कोण रडतंय म्हणून तिनं दोनदा भांडी घासली होती, त्याच्यासाठी ती तोंड उघडं टाकून रडली. "मेला!" ती त्या रिकाम्या स्टुलावर ओरडली. "बावीस वर्षं रोज तीन मिनिटं उशीर! आणि जायचीच एवढी कसली घाई होती रे तुला!"

तिनं त्यांना अरे-तुरे केलं होतं. पोरांनी ते ऐकलं आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

रडून रडून पोरं दमली तेव्हा केळ्यावाल्यानं विचारलं, आता ती बिस्किटं खाल्ली तर चालतील का. उपदेशबाई म्हणाल्या, चालतील. एकतीस पोरांत दोन पुडे. भांडणं झाली, अर्ध्याचं पाव झालं. घरी जायला त्या दिवशी सगळ्यांना एक वाजला, आणि पालक फाटकाशी ताटकळत उभे होते.

सोमवारी तिसरीतली पोरं रडतही होती आणि हसतही होती. कुणी मध्येच 'बरं का' म्हणे, की सगळा वर्ग हसे आणि मग दोघा-तिघांचे डोळे भरत. बदली बाईंनी आता रुमाल स्वतःचा आणला होता. उपदेशबाई आठवड्यातून दोनदा येत. पोरं तक्त्यावरच्या सगळ्या चेहऱ्यांवर बोटं ठेवायला लागली, आणि त्यांची वही एकदाची सरळ चालू लागली.

सरळ चालेना ते एकच. छोट्या सुट्टीत खिंड व्हरांड्यात आली. "मावशी, मधल्या सुट्टीला किती वेळ?"

"चौऱ्याण्णव मिनिटं," मावशी म्हणाली.

खिंडीनं मान डोलावली, वळली आणि सरळ ऑफिसात गेली. भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं राहून तिनं बोटांवर हिशेब केला, क्लार्ककाकांना विचारून खात्री केली, आणि परत येऊन म्हणाली, "बरोबर आहे."

बावीस वर्षांत मावशीची वेळ कुणी तपासली नव्हती. मंगळवारी परत तेच. बुधवारी पण. खिंडीचं बघून बाकीची तिसरीही ऑफिसात जाऊन घड्याळ बघू लागली, तेव्हा क्लार्ककाका वैतागले. "मावशी, आवरा हो यांना."

"बघू द्या त्यांना," मावशी म्हणाली. "त्यांचा हक्क आहे." एरवी असल्या गोष्टीवर ती आकाशपाताळ एक करती. आता ती मिनिट सांगायची आणि खिंड ऑफिसातून परत येईपर्यंत, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी, हातोडा धरून उभी राहायची. "बरोबर आहे," असं ऐकलं की सुटकेचा श्वास टाकायची. मनाला लागत होतं, आणि ते ती नवऱ्यालाही सांगत होती, पण खिंडीवर एकदाही चिडली नाही.

असे चार-पाच आठवडे गेले. खिंडीचा एक दात अर्धा वर आला. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन मावशीच्या पायरीपाशी आली आणि उभीच राहिली. मावशी पितळी थाळी चिंचेनं घासत होती.

"मावशी, तूपण मरणार?"

मावशीचा हात थांबला. "हो."

"कधी?"

"ते मला माहीत नाही."

"खरंच माहीत नाही?"

"खरंच नाही. कुणालाच माहीत नसतं ते, मेले."

खिंडीनं तिच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग ऑफिसच्या दाराकडं एकदा पाहिलं. क्लार्ककाका आत बसलेच होते. पण ती तिकडं गेली नाही. मावशीच्या शेजारी पायरीवर बसली, डबा गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "झाकण घट्ट बसलंय. उघडून दे."